गुहागरच्या बंगल्यातले गार्डन लाईट्स शेवटी असे टिकले

आमचा बंगला समुद्राला अगदी लागून, गार्डन आणि लाईट्सवर भरपूर खर्च केलेला आणि पहिल्याच पावसाळ्यात सगळी वाट लागली. दर रात्री ट्रिप व्हायचं. शेवटी एक लाईट उपटून बघितला तर जॉइंटला नुसती काळी टेप, आत तांबं हिरवं पडलेलं आणि बॉडीवर गंजाचे ठिपके. म्हणजे स्टेनलेस स्टील ३०४ ग्रेडचं होतं, खाऱ्या वाऱ्यात ३१६ ग्रेडच लागतं, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते जास्त टिकतं.

मग सगळं बदललं. ३१६चे आयपी६७ (म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे) फिटिंग, २४ व्होल्ट, दिव्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर पडवीत कोरड्या जागी, वायरचे जॉइंट पाणी रोखणाऱ्या जेलवाल्या डबीत. लॉन तर जळलंच होतं, तिथे मर्यादवेल (किनाऱ्यावरच्या वाळूत पसरणारी वेल) सोडली, वाऱ्याच्या बाजूला उंडीची झाडं आणि केवडा लावला, मस्त धरलंय.

आणि एक मनापासून सांगतो, समुद्राकडे तोंड करून फ्लडलाईट लावूच नका. इथे किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालतात, पिल्लं उजेडाकडे जातात, आपला दिवा दिसला की पाण्याऐवजी कुंपणाकडे वळतात हो. मी जांभ्या दगडाच्या गडग्याला (कुंपणाच्या भिंतीला) गुडघ्याएवढ्या उंचीवर, खाली तोंड केलेले अंबर दिवे लावलेत आणि पिल्लांच्या दिवसांत तेही बंद ठेवतो.