डोळ्यातला आंधळा ठिपका कसा शोधायचा

अगदी ठणठणीत डोळ्यालाही नजरेच्या टप्प्यातली एक जागा दिसत नाही. डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावरून, म्हणजे दृष्टिपटलावरून, निघालेले सुमारे 10 लाख मज्जातंतू एके ठिकाणी गोळा होऊन मेंदूकडे जातात. जेमतेम दीड मिलिमीटरच्या त्या चकतीत प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते. तिचा पत्ता लावायला कागद आणि स्केचपेन पुरे.

कागदावर डावीकडे फुली काढा. तिच्या उजवीकडे, त्याच ओळीत, 8 सेंटिमीटरवर 1 सेंटिमीटर व्यासाचा भरीव काळा ठिपका. डावा डोळा तळहाताने झाका. नुसता मिटलात तर उजवाही बारीक होतो. कागद हातभर लांब धरून उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत सावकाश जवळ आणा. साधारण 30 सेंटिमीटरवर ठिपका गडप होतो, आणखी जवळ आणला की परत दिसतो.

होत नाही? दहातल्या नऊ वेळा नजर ठिपक्याकडे पळालेली असते. मान कलली असेल तरी चुकतं. ठिपका उघड्या डोळ्याच्या कानाकडच्या बाजूलाच हवा; डाव्या डोळ्यासाठी कागद उलटा फिरवा. चाळिशीमुळे जवळचं धूसर दिसत असेल तर अंतर 16 सेंटिमीटर आणि ठिपका दुप्पट करा, तो 60 सेंटिमीटरवर जाईल.

आता ठिपक्यातून आरपार रेघ ओढून पुन्हा बघा. ठिपका जातो, रेघ मात्र अखंड दिसते! तिथे भोक दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूचं बघून जागा भरून टाकतो. एरवी दोन्ही डोळे उघडे असताना एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

अंतर वाढलं की ही जागाही वाढते. 30 सेंटिमीटरवर ती जेमतेम 3 सेंटिमीटर रुंद, अडीच मीटरवर मात्र जवळपास 24. म्हणजे ठाणे स्टेशनच्या बाकावर बसल्या बसल्या, अडीच मीटरवरच्या माणसाच्या डोक्यापासून तुमच्या डावीकडे साधारण 65 सेंटिमीटरवर उजव्या डोळ्याने टक लावली, की तो अक्षरशः बिनडोक होतो. फार वेळ टक लावू नका, लोक भलताच अर्थ काढतात.

हा आंधळा ठिपका आजार नाही. पण दोन्ही डोळे उघडे असतानाही काळा डाग दिसत राहिला, किंवा अचानक विजेसारखे लखलखाट, डोळ्यांपुढे माश्यांसारखे नवे काळे ठिपके किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. दृष्टिपटल सुटत असेल तर तासांनीही फरक पडतो.