वेंगुर्ला ते आंबोली : समुद्र आणि घाट एकाच सुट्टीत, तेही एसटीने, कसे साधावे

कोकणात कोठे जावे असे कोणाला विचारले, तर मालवण, तारकर्ली आणि गोवा ही तीन नावे ऐकू येतात आणि बोलणे तेथेच संपते. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा पट्टा, म्हणजे वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, सावंतवाडी आणि वर आंबोली, या यादीत सहसा नसतो आणि म्हणूनच तेथील खोल्या व जेवण अजून परवडणाऱ्या दरात मिळतात. वेंगुर्ल्याच्या बंदरापासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीपर्यंतचे अंतर रस्त्याने ६० किलोमीटरही भरत नाही. सकाळी वाळूत चालून संध्याकाळी धुक्यात शाल गुंडाळून बसता येईल इतके हे जवळ आहे, आणि त्यासाठी स्वतःची गाडी नेण्याची गरज नाही.

मात्र ‘एका दिवसात सात समुद्रकिनारे’ छापाचे सल्ले बाजूला ठेवावेत. दोनच मुक्काम करावेत, एक वेंगुर्ल्यात आणि एक आंबोलीत, आणि दिवसाची आखणी ठिकाणांच्या यादीवरून न करता परतीच्या शेवटच्या गाडीवरून करावी. पुढचे सारे याच एका नियमाभोवती फिरते.

कधी जावे

दसऱ्यानंतर फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत केव्हाही जावे. फक्त दिवाळीचा आठवडा आणि नाताळ ते नववर्ष एवढे दिवस टाळावेत. पावसाळ्यात आंबोली सुंदर असते हे खरे, परंतु त्या काळात समुद्र खवळलेला असतो, जून-जुलैत मासेमारीवर बंदी असते आणि शनिवार-रविवारी आंबोलीच्या मुख्य धबधब्यापाशी वाहनांची जी रांग लागते ती पाहून परत फिरावेसे वाटते. ज्यांना पाऊसच पाहायचा आहे त्यांनी आठवड्याच्या मधल्या दिवशी फक्त आंबोलीला जावे आणि किनारा पुढच्या खेपेसाठी ठेवावा. मे महिन्यात आंबे असतात, पण चाकरमानीही असतात, आणि तेव्हा रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते.

रेल्वे आणि उतरण्याचे ठिकाण

आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. त्याच सकाळी तिकीट काढावे. तुतारी एक्स्प्रेस दादरहून मध्यरात्री बारानंतर सुटते, त्यामुळे शुक्रवारी रात्री घरून निघणाऱ्याने तिकीट शनिवारच्या तारखेचे काढावे लागते. ही साधी गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे फलाटावर हताश उभी राहिलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. वेंगुर्ल्यासाठी कुडाळला उतरावे. सावंतवाडी रोड हे स्थानक शहरात नाही, काही किलोमीटर दूर आहे, आणि तेथून वेंगुर्ल्याला जाणे म्हणजे दोनदा गाडी बदलणे. कोल्हापूर, बेळगाव किंवा पुण्याकडून रस्त्याने येणाऱ्यांनी हाच प्रवास उलटा करावा, म्हणजे आधी आंबोली आणि मग समुद्र.

खोली

घरगुती खोली घ्यावी, फोन करूनच घ्यावी आणि बसथांब्यापासून ती चालत किती अंतरावर आहे हे आधी विचारावे. ‘समुद्रालगत’ असलेली खोली थांब्यापासून तीन किलोमीटर आत असेल, तर वाचलेले पैसे रिक्षात जातात. दुपारी मासे हवे असतील तर सकाळी न्याहारीच्या वेळीच सांगावे, कारण घरातली बाई बाजारात एकदाच जाते. सोमवारी अनेक घरांत मासळी शिजत नाही. त्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावणे मिळाले तर तक्रारीला जागा नाही.

एसटी : सगळे अडते ते येथे

या सुट्टीतला खरा अवघड भाग हाच. मलाही सुरुवातीला याच टप्प्याने सर्वाधिक छळले, आणि इंटरनेटवर मिळणारे वेळापत्रक त्यात काडीचीही मदत करत नाही.

प्रथम हे समजून घ्यावे की ग्रामीण भागातील एसटी पर्यटकांसाठी धावत नाही. ती शाळा-महाविद्यालयांच्या, बाजाराच्या आणि कचेऱ्यांच्या वेळेनुसार धावते. त्यामुळे सकाळी गाड्या भरपूर असतात, दुपारी बराच वेळ रस्ता सुना पडतो, शाळा सुटल्यावर पुन्हा काही फेऱ्या होतात आणि अंधार पडताना वस्तीच्या गाड्या निघतात. शाळेला सुट्टी असली की शाळेसाठीच्या फेऱ्या बंद राहतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण सुट्टीवर असतो. गणपतीत तर गाड्या चाकरमान्यांच्या जादा फेऱ्यांकडे वळतात आणि गावांतल्या फेऱ्यांचा भरवसा राहत नाही. तेव्हा या पद्धतीने फिरायला जाऊच नये.

वस्तीच्या गाडीबद्दल विशेष सावध राहावे. ही गाडी संध्याकाळी गावात येते, चालक-वाहक तेथेच झोपतात आणि पहाटे ती पहिली फेरी म्हणून परत निघते. नवखा माणूस संध्याकाळी सातला गाडी येताना पाहून हायसे वाटून उठतो, सामान उचलतो, आणि वाहक शांतपणे दार लावून घेतो. ती गाडी आता सकाळीच जाणार असते. पहाटे उठायची तयारी असेल, तर मात्र हीच गाडी सर्वांत खात्रीची, कारण ती गावात आधीच उभी असते आणि सहसा चुकत नाही.

म्हणून वेंगुर्ल्यात पोहोचल्यावर पहिले काम आंघोळ किंवा समुद्र नव्हे, तर बसस्थानक. तेथील वेळांच्या फलकाचा फोटो काढावा, पण त्यावर विसंबून राहू नये. फलक रंगवल्यानंतर फेऱ्या बदललेल्या असतात. चौकशीच्या खिडकीवर जाऊन तीन प्रश्न विचारावेत. परतीची शेवटची गाडी किती वाजता? ती रविवारी धावते का? आणि ती कोणत्या मार्गे जाते? तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि तोच महागात पडतो. वेंगुर्ल्याहून सावंतवाडीला तुळसमार्गे जाता येते तसेच शिरोडा, आजगावमार्गेही जाता येते, आणि दुसरा रस्ता बराच लांबचा आहे. पाटीवर शेवटचे गाव मोठ्या अक्षरांत आणि मार्ग बारीक अक्षरांत असतो. वाचायचा तो बारीक मजकूर. मग गाडीत चढल्यावर तेच प्रश्न वाहकालाही विचारावेत. खिडकी आणि वाहक यांच्या सांगण्यात फरक पडला, तर वाहकाचे खरे मानावे, कारण तो त्या रस्त्याने रोज जातो.

शेवटच्या गाडीची वेळ कळली की तिच्या आधीची गाडी ही आपली शेवटची गाडी समजावी. याबाबत मी कोणाचेही ऐकत नाही. सूर्यास्त पाहण्यासाठी शेवटच्या गाडीवर अवलंबून राहणारे लोक सूर्यास्तही नीट पाहत नाहीत, सारखे घड्याळ पाहतात. सूर्यास्त पाहायचाच असेल तर तो मुक्कामाच्या गावी, वेंगुर्ल्याच्या बंदरावर पाहावा.

दुसरा नियम असा की सकाळी सर्वांत दूरचे टोक गाठावे आणि दिवसभर मुक्कामाकडे सरकत यावे. सकाळी थेट रेडीला जावे, तेथून शिरोडा, मग आरवली, मग मोचेमाड. वेंगुर्ल्याच्या जवळ यावे तसतशा निरनिराळ्या गावांहून येणाऱ्या गाड्या एकाच रस्त्याला लागतात आणि थांब्यावर उभे राहण्याचा वेळ कमी होतो. उलट दिशेने गेल्यास दिवस मावळताना आपण सर्वांत कमी गाड्यांच्या ठिकाणी असतो. बहुतेक लोक वाटेत पहिला लागेल तो किनारा आधी पाहतात आणि संध्याकाळी रेडीच्या थांब्यावर अडकतात.

निवती, भोगवे, कोंडुरा अशा आडबाजूच्या किनाऱ्यांसाठी रिक्षाच करावी. तेथे एसटीचा हट्ट धरू नये. भाडे चढण्याआधी ठरवावे आणि थांबण्याच्या वेळेसह ठरवावे, नाहीतर परतताना थांबण्याचे पैसे वेगळे मागितले जातात. चौघांत अर्ध्या दिवसाची रिक्षा जड जात नाही.

खर्चाचे म्हणाल, तर २०२३ पासून महिलांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही तेवढीच, आणि ७५ वर्षांवरील नागरिकांचा प्रवास २०२२ पासून विनामूल्य आहे. आधार कार्ड जवळ ठेवावे. ‘आवडेल तेथे प्रवास’ या योजनेचा चार किंवा सात दिवसांचा पास अनेक जण सुचवतात. एवढ्या लहान पट्ट्यात फिरणाऱ्याला तो परवडत नाही. लांबून एसटीनेच येऊन एसटीनेच परतणाऱ्याने हिशेब करून पाहावा. सुट्टे पैसे खिशात असावेतच.

किनाऱ्याचे दिवस

रेडीला यशवंतगड झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेला आहे. तेथे सकाळचे ऊन चढण्याआधी पोहोचावे. शिरोड्याला मिठागरे पाहावीत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात या गावाचे नाव देशभर गेले होते. आरवलीच्या वेतोबाला नवस फेडण्यासाठी भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. मंदिरात मांडलेले ते जोड जवळून पाहावेत, हात लावू नये.

वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत महिलांचा एक बचत गट कांदळवनातून होडी फिरवतो. भरतीच्या वेळेला जावे. ओहोटीला चिखल दिसतो आणि होडी हलत नाही. वायंगणीला कासवांची पिल्ले पाहण्यासाठी मात्र फेब्रुवारी उजाडेपर्यंत थांबावे लागते, आणि तरीही नशीब लागते.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढली जात असेल तर बाकी सर्व कार्यक्रम रद्द करावेत. होडीने अर्धवर्तुळात टाकलेल्या जाळ्याची दोन्ही टोके दोन रांगा किनाऱ्यावरून ओढत असतात. टाचा वाळूत रुततात, दोर कमरेला टेकलेला असतो आणि रांगेतला शेवटचा माणूस दोराचे वेटोळे घालून पुन्हा पुढे येऊन पाण्याजवळ उभा राहतो. जाळे जवळ आले की वरचे पाणी थरथरू लागते आणि आधी उडतात ते बांगडे आणि पेडवे. हात लावावासा वाटला तर विचारून दोर धरावा, पण जाळ्यावर किंवा दोरावर पाय देऊन पलीकडे जाऊ नये. त्यासाठी मिळणारी शिवी योग्यच असते.

पोहण्याबाबत एकच सांगतो. या किनाऱ्यांपैकी बहुतेक ठिकाणी जीवरक्षक नाहीत. खाडीच्या मुखापाशी पाणी शांत दिसते आणि तेथेच ओढ सर्वांत जास्त असते. गावातल्या मच्छीमाराने नको म्हटले की घोट्यापर्यंतच्या पाण्यातूनही मागे फिरावे.

घाट चढताना

वेंगुर्ल्याहून सकाळची गाडी पकडून सावंतवाडीला यावे आणि दुपारपर्यंत तेथे रमावे. मोती तलाव, चितार आळीतील लाकडी खेळणी आणि राजवाड्यात रंगवली जाणारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, यांना तीन तास पुरतात. लाकडी फळे विकत घेताना रंगाचा हात तपासावा, सर्व दुकानांतला माल सारखा नसतो.

आंबोलीसाठी वेगळी गाडी शोधत बसू नये. आजरा, गडहिंग्लज, कोल्हापूर, बेळगाव या दिशांना जाणाऱ्या अनेक गाड्या आंबोलीवरूनच जातात. वाहकाला आधी विचारले की झाले. दुपारी तीनच्या आत निघावे. दाणोली सुटल्यावर वळणे सुरू होतात आणि संध्याकाळी धुके उतरले की गाडी रांगत चालते. भाड्याच्या दुचाकीवरून अंधारात हा घाट चढण्याचा सल्ला देणाऱ्याने तो स्वतः एकदा चढून पाहावा.

आंबोलीत चालावे. हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी २०२० मध्ये वर्णन झालेला शिस्टुरा हिरण्यकेशी हा लहानसा मासा राहतो आणि त्याच्यामुळे २०२१ मध्ये त्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तेथील पाण्यात निर्माल्य, बिस्किटे किंवा साबण यांपैकी काहीही जाऊ देऊ नये. महादेवगडाच्या कड्यावरून स्वच्छ सकाळी खालचा सारा प्रदेश समुद्राच्या दिशेने उतरत गेलेला दिसतो. कावळेसादला रिक्षाने जावे. पावसाळ्यात वाऱ्याने तेथील पाणी उलटे वर उडते, पण हिवाळ्यातही दरी पाहण्यासारखी असते आणि गोंगाट नसतो. डिसेंबरात स्वेटर लागतोच; समुद्रावरून आल्यामुळे कोणी तो आणलेला नसतो.

परतीचा प्रवास

संध्याकाळची रेल्वे असेल तर आंबोलीहून सकाळीच खाली यावे. सावंतवाडीच्या बसस्थानकापासून रेल्वे स्थानकापर्यंतचा शेवटचा तुकडा एसटीवर सोडू नये; दुपारी जेवायला बसण्याआधीच रिक्षा ठरवावी, चालकाचा नंबर घ्यावा आणि गाडी सुटण्याच्या तासभर आधीची वेळ द्यावी. कोकण रेल्वेचे आरक्षण मिळालेच नाही, तर सावंतवाडीला उतरण्याच्या फंदात न पडता आंबोलीहूनच वरच्या वर कोल्हापूर किंवा बेळगाव गाठावे; तेथून मुंबई-पुण्याकडे रात्रीच्या गाड्या पुष्कळ असतात आणि घाट पुन्हा उतरावा लागत नाही.