वंशावळ लिहायला घेतलीय? मग नात्यांच्या या चुका टाळा

वंशावळ चुकते ती नावांमुळे कमी आणि नात्यांच्या शब्दांमुळे जास्त. चुका ठरलेल्या असतात आणि बहुतेक एकाच घाईतून येतात: सांगणाऱ्यानं शब्द उच्चारला की टिपणारा तो तसाच लिहून मोकळा होतो.

हाकेला नातं समजणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. घरात एखाद्याला काय म्हणतात आणि तो नात्यानं कोण लागतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकत्र कुटुंबात धाकटे दीर थोरल्या भावजयीला 'वहिनी' म्हणतात. ते ऐकत वाढलेली तिची स्वतःची मुलंही तिला वहिनीच म्हणू लागतात. वडिलांना काका, भाऊ, दादा म्हणणारी घरंही काही कमी नाहीत.

एका वंशावळीत यातून काय झालं ते बघा. आजोबा बोलता बोलता म्हणाले, "वहिनी गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो." नातवानं लिहिलं: आजोबांची भावजय. वहिनी म्हणजे कोण, हे विचारलंच नाही. ती आजोबांची आई होती. आईची नोंद आधीच माहेरच्या नावानं झालेली होती, त्यामुळे सासरच्या नावाची ही 'वहिनी' वेगळी बाई ठरली. तिला नवरा हवा, म्हणून आजोबांना एक थोरला भाऊ जोडला गेला. त्याच्या जन्मसालाचा अंदाजही लिहून झाला. पुढे जमिनीच्या जुन्या फेरफारांशी ताडून पाहिलं, तर पणजोबांच्या वारसांत हा भाऊ कुठेच नाही. कसा असेल? तो जन्मलाच नव्हता.

'मामंजी' हा असाच दुसरा शब्द. जुन्या पत्रात बाईनं "मामंजींची प्रकृती बरी नाही" असं लिहिलं असेल, तर ते तिचे सासरे. आईचे भाऊ नव्हेत. सासूला 'आत्याबाई' म्हणायचीही रीत होती. मराठी मुलखात बऱ्याच जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालत आलं आहे. अशा लग्नात मुलीची सासू खरोखरच तिची आत्या असते आणि सासरे आत्याचे यजमान. आत्याच्या यजमानांना आजही बऱ्याच घरांत मामाच म्हणतात, म्हणून ते मामंजी. तेव्हा 'मामा' शब्द आला की थांबा आणि विचारा: आईचा भाऊ की आत्याचा नवरा? नवऱ्याच्या मामाला 'मामेसासरे' असा वेगळा शब्द आहे, तोही यात मिसळू नका.

उपाय साधा आहे, पण धीर लागतो. मुख्य नोंद फक्त आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा, बायको या शब्दांत करा. 'दादामामा' न लिहिता 'वडिलांच्या आईचा भाऊ' असं लिहा. हाक मारायचं नाव शेजारी कंसात. आणि प्रत्येक बाईचं माहेरचं व सासरचं नाव एकाच ओळीत. इतकं केलं की निम्मे घोटाळे होतच नाहीत.

आते आणि मामे यांची अदलाबदल

चुलत आणि मावस ही नाती दोन्ही बाजूंनी सारखी आहेत. तुम्ही ज्याचे चुलतभाऊ, तोही तुमचा चुलतभाऊच. आते-मामे तसं नाही. तुमच्या मामाचा मुलगा तुमचा मामेभाऊ, पण त्याच्या लेखी तुमची आई ही आत्या, म्हणून तुम्ही त्याचे आतेभाऊ. "आम्ही एकमेकांचे मामेभाऊ" असं कोणी सांगितलं, की बहुतेक वेळा दोघांपैकी एकाची बाजू चुकलेली असते.

बोलताना हे चालून जातं, कागदावर नाही. आतेभावाच्या जागी मामेभाऊ लिहिलं, तर वडिलांची बहीण थेट आईच्या माहेरी जाऊन बसते आणि तिची सगळी फांदी चुकीच्या आडनावाखाली जाते. जात पडताळणीला वडिलांकडचं रक्ताचं नातं दाखवावं लागतं. तिथे वडिलांच्या बहिणीची शाळेची नोंद उपयोगी पडू शकते, मामाची पडत नाही. शब्दाचा पहिला भाग नेहमी 'कोणाचं मूल' हे सांगतो, तेवढं धरून ठेवा. 'कझिन' हा शब्द वंशावळीत नकोच. चार नाती एका पिशवीत कोंबून हाती काही लागत नाही.

'चुलत' किती वेळा?

इथे अंदाजानं चालू नका, समान पूर्वज शोधा. आजोबा एक असतील तर चुलत भावंडं. पणजोबा एक असतील तर चुलत-चुलत. त्यापुढे खापरपणजोबा एक असले, की बोलताना लोक 'भावकीतले' म्हणून सोडून देतात. तुम्ही मात्र मधली सगळी नावं लिहा. पिढ्या वरखाली असतील तर: आजोबांचा सख्खा भाऊ तो चुलत आजोबा, त्याचा मुलगा चुलत काका, त्याचा मुलगा तुमचा चुलत-चुलत भाऊ. चुलत आजोबांना नुसतं 'आजोबा' लिहिलं, की त्यांची मुलं तुमचे सख्खे काका होऊन बसतात.

भाचा आणि पुतण्या

पुरुषाला भावाची मुलं पुतणे, बहिणीची भाचे. बाईला मात्र भावाची मुलंही भाचेच. दिराची मुलं पुतणे. म्हणून बाई "माझा भाचा" म्हणाली, तर त्याचं आडनाव तिच्या माहेरचं असू शकतं. भावाचा की बहिणीचा, हे विचारल्याशिवाय लिहू नका.

बाकीच्या, थोडक्यात

'मेव्हणा' बायकोचा भाऊही असतो आणि बहिणीचा नवराही. 'भाऊजी'चंही तसंच: दीर की बहिणीचा नवरा? 'सावत्र' एवढंच लिहून थांबू नका. वडील एक आणि आई वेगळी, आई एक आणि वडील वेगळे, की दोन्ही वेगळे, हे लिहा. वारसा ठरवताना त्यानं फरक पडतो.

दत्तक गेलेला मुलगा दोन्ही घरांत दाखवा, जन्मघराची रेघ तुटक काढा. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे दत्तक गेल्यावर जन्मघराशी कायद्यातलं नातं तुटतं, पण लग्नाला आड येणारी नाती तशीच राहतात.

लग्नासाठी सपिंड नातं, म्हणजे ज्यात लग्न चालत नाही असं जवळचं रक्ताचं नातं, मोजताना अनेकजण आईवडिलांना पहिली पिढी धरतात. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात पहिली पिढी म्हणजे ती व्यक्ती स्वतः. तिथून आईकडून तिसऱ्या आणि वडिलांकडून पाचव्या पिढीपर्यंत, ती पिढी धरून मोजायचं. रूढी असेल तिथे सूट आहे, म्हणूनच मामाच्या मुलीशी झालेली लग्नं टिकतात.

जुन्या कागदांत 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम', 'जौजे' किंवा 'भ्रतार' म्हणजे अमक्याची बायको. 'सखू कोम राणू' हे वाचून राणूला सखूचा बाप करणारे कमी नाहीत. एका शब्दाची ही चूक सुनेला लेक करते, आणि मग तिच्या खऱ्या माहेराचा शोध कोणी घेतच नाही.