दुरुस्तीनंतरही झटके देणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: माझा अनुभव

गिअरबॉक्स उघडून आतील क्लच प्लेटा (घर्षणाने गिअर जोडणाऱ्या चकत्या) आणि सील बदलून घेतल्यानंतरही माझी गाडी दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना जोराचा झटका देत असे, आणि शीव ते घाटकोपर अशा रेंगाळत्या वाहतुकीत तेल तापले की तो अधिकच जाणवे. गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल, असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले. परंतु एवढ्या खर्चिक उपायाआधी साधी कारणे तपासलीच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम तेल पाहिले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेल हे केवळ वंगण नसते; त्याच्याच दाबाने क्लच पकडतात, म्हणून त्याचा प्रकार आणि पातळी उत्पादकाने सांगितल्याप्रमाणेच हवी. माझ्या गाडीला डिपस्टिक (तेलाची पातळी पाहण्याची पट्टी) नसल्यामुळे इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावर ओव्हरफ्लो प्लगमधून (जास्तीचे तेल बाहेर पडू देणाऱ्या छिद्रातून) पातळी तपासली. ती योग्य निघाली. इंजिनाला आधार देणारे रबरी माउंट तुटले तरी झटके बसतात, पण तेही शाबूत होते. गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाची नोंदही नव्हती.

खरे कारण गिअरबॉक्सच्या नियंत्रक संगणकात होते. क्लच प्लेटा झिजत जातात, तसा हा संगणक तेलाचा दाब आणि गिअर बदलण्याची वेळ हळूहळू जुळवून घेतो व ती मूल्ये साठवून ठेवतो. नव्या प्लेटांना झिजलेल्या प्लेटांसाठीचाच दाब मिळत होता! गॅरेजने दुरुस्तीनंतर ही मूल्ये पुसायला हवी होती. ती स्कॅनरने पुसून घेतली आणि पहाटे, पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा असताना, संगणकाने नव्याने जुळवून घ्यावे म्हणून ॲक्सिलरेटर हलका व स्थिर ठेवून सर्व गिअर वारंवार बदलू दिले. झटका क्रमाक्रमाने नाहीसा झाला.