गिटारवर गॅलियार्ड बसवायची असेल तर

नागपुरात ल्यूट, म्हणजे युरोपातलं गिटारसारखं जुनं तंतुवाद्य, कुठून आणायचं हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा, नायलॉन तारांची क्लासिकल गिटार घरी असली तरी रेनेसाँसच्या काळातला (साधारण पंधरावं-सोळावं शतक), ल्यूटसाठी लिहिलेला गॅलियार्ड नावाच्या डान्सचा सोलो पीस मस्त वाजवता येते. तिसरी तार ‘जी’ (G) सुरावरून अर्धा सूर उतरवून एफ शार्पला आणा अन् तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, झालं ल्यूटचं ट्यूनिंग. फक्त मे महिन्यात गिटार कूलरसमोर ठेवू नका, सूर सारखा हलत राहते.

टॅब, म्हणजे कोणती तार कोणत्या फ्रेटवर दाबायची ते दाखवणारं लेखन, दोन प्रकारचे दिसतील. फ्रेंच पद्धतीत अक्षरं असतात, ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला फ्रेट. इटालियनमध्ये आकडे, अन् सगळ्यात वरची ओळ म्हणजे सगळ्यात जाड तार, 1508 ला व्हेनिसमध्ये छापलेलं ल्यूटवादक डाल्झाचं पुस्तक असंच आहे. टॅब फक्त तार कधी छेडायची ते सांगतो, किती वेळ धरायची ते नाही, म्हणून खर्जाच्या सुरावरचं बोट शक्य तितका वेळ उचलू नका.

नखं कापा, ल्यूट बोटाच्या मासानं वाजवतात. पळत्या सुरांना अंगठा अन् तर्जनी आलटून पालटून, जोराच्या मात्रेवर अंगठा.

आता खरी गोष्ट, लय. पवान हा दुसरा डान्स संथ, दोनदोनच्या चालीचा, त्याच्या मागोमाग यायची ती तीनच्या चालीची गॅलियार्ड. तिची पावलं पाच पण मात्रा सहा. 1589 च्या आर्बो या फ्रेंच लेखकाच्या डान्सवरच्या पुस्तकात हे स्पष्ट दिलंय: एक ते चारवर पाय पुढे उडवायचे, पाचवर मोठी उडी, सहावर जमिनीवर. गिटार बाजूला ठेवा अन् घरात चारदा उडी मारून बघा, मग समजते की खूप घाई केली तर नाचणारा हवेतच राहते अन् खूप रेंगाळलं तर तो आधीच खाली येऊन तुमची वाट पाहते. लय पायातूनच घ्या, माझा तरी यावर पूर्ण भरोसा आहे.

आपल्याला दादरा माहीत आहे, तीन-तीन. गॅलियार्डमध्ये मधेच त्याच सहा मात्रा दोन-दोन-दोन अशा पडतात, इंग्लंडचा ल्यूटवादक डाउलंड याच्या गॅलियार्डमध्ये तर हे फार सुंदर येते. अशा जागा पेन्सिलनं खूण करून ठेवा, टाळी देत तोंडानं म्हणा, मग वाजवा, नाहीतर तिथं ताल चुकल्यासारखा वाटते.

बऱ्याच गॅलियार्डमध्ये तीन भाग असतात अन् प्रत्येक भाग दुसऱ्यांदा येतो तेव्हा बारीक सुरांनी भरून येतो. आधी तिन्ही साधे भाग पाठ करा. भरलेल्या भागातली सगळ्यात अवघड धाव ज्या लयीत स्वच्छ निघते तीच पूर्ण पीसची लय, साध्या भागातही तीच. अन् त्या लयीत उडी मारताना पाय हवेत थांबवावा लागत असेल तर तो पीस राहू द्या, आधी सोपी गॅलियार्ड घ्या.