फुटबॉलच्या बाद फेरीत पुढे कोण जाणार : बाजारातील भाव कसा वाचावा

आधी कायद्याचे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानुसार भारतात पैसे लावून ऑनलाइन खेळण्यास बंदी आहे आणि मांडवीत कॅसिनोची जहाजे उभी आहेत म्हणून गोव्याला या कायद्यातून सूट मिळत नाही. त्यामुळे पैसे न लावता, परदेशी प्रेडिक्शन मार्केटमधील (घटनेच्या निकालावर करार विकत घेतले-विकले जातात तो बाजार) भाव वाचून आपला अंदाज बांधणे आणि मित्रमंडळीत गुणांवर खेळणे, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे.

प्रथम भावाचे टक्के करावेत. क्लब पुढे गेला तर एक डॉलर देणाऱ्या करारात एका क्लबचा भाव ६४ सेंट व दुसऱ्याचा ३९ सेंट असेल, तर बेरीज १०३ होते. ६४ ला १०३ ने भागले की ६२ टक्के मिळतात.

त्यानंतर कराराचा मजकूर वाचावा. तो केवळ ९० मिनिटांच्या निकालाचा आहे की जादा वेळ व पेनल्टीसह पुढे जाण्याचा, हे पाहिल्याशिवाय आकडेमोड करू नये.

खरी अडचण दोन लढतींच्या फेरीत येते, आणि चुकीचे सल्लेही तिथेच सर्वाधिक मिळतात. ७ मार्च २०२० रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवाने चेन्नईयिनला ४-२ असे हरवले, तरीही चेन्नईत पहिली लढत १-४ अशी गमावलेली असल्याने एकूण ५-६ फरकाने गोवाच बाहेर पडला. ‘सामना कोण जिंकणार’ आणि ‘पुढे कोण जाणार’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मडगावच्या प्रेक्षकांना तरी निराळे सांगायला नको.

समजा, पाहुणा संघ पहिल्या लढतीतून एका गोलची आघाडी घेऊन आला आहे. आपल्या अंदाजाने दुसऱ्या लढतीत तो जिंकण्याची शक्यता ३० टक्के, बरोबरीची २७, एका गोलने हरण्याची २२ आणि त्याहून मोठ्या फरकाने हरण्याची २१ आहे. जिंकला किंवा बरोबरी झाली तर तो पुढे जातो. एका गोलने हरला तर जादा वेळ, म्हणून त्या २२ पैकी निम्मेच धरावेत. ३०, २७ आणि ११ मिळून ६८. जिंकण्याची शक्यता ३० टक्केच असताना ६८ सेंट भाव महाग आहे, असे कोणी ठासून सांगू लागला, तर त्याने हा हिशेब केलेलाच नाही असे खुशाल समजावे.

जादा वेळेच्या वाट्यात बलाढ्य संघाला मी फार तर ५५ टक्के देतो. अमुक गोलरक्षक पेनल्टीत वाघ आहे, या भरवशावर त्याहून अधिक देणे मला मान्य नाही. युएफाच्या (युरोपीय फुटबॉल संघटना) स्पर्धांत प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोलांचा नियम (एकूण गोल समान असतील तर तिथे जास्त गोल करणारा पुढे) २०२१-२२ च्या हंगामापासून रद्द झाला आहे, तरी काही जण तो अजून हिशेबात धरतात.

सामना सुरू असताना हलणाऱ्या भावामागे धावू नये. एप्रिल २०२५ मध्ये फातोर्ड्यालाच गोवाने बेंगळुरूची पहिल्या लढतीतील दोन गोलांची आघाडी भरून काढली होती, पण भरपाई वेळेत सुनील छेत्रीच्या हेडरने फेरी बेंगळुरूच्या खात्यात गेली.

गुणांसाठी प्रत्येक अंदाज सामन्याआधीच वहीत लिहावा आणि निकालापासूनच्या (पुढे गेला तर १, बाहेर पडला तर ०) अंतराचा वर्ग करावा: ०.६८ लिहिलेला संघ पुढे गेला तर दंड ०.१०, बाहेर पडला तर ०.४६. हंगामाअखेर ज्याचा सरासरी दंड सर्वांत कमी, तो पहिला.