एफ४३० की गॅलार्डो? जुनी सुपरकार निवडायची कशी

जुनी सुपरकार घ्यायची, आणि कव्हर घालून ठेवायला नव्हे तर चालवायला घ्यायची, असं ठरलं की यादी छाटता छाटता अनेकांच्या हातात शेवटी दोन नावं उरतात: फेरारी एफ४३० आणि लॅम्बोर्गिनी गॅलार्डो. दोन्ही इटलीच्या, दोन्ही दोन माणसांच्या, दोन्हींचं इंजिन पाठीमागे. मग आकड्यांचा खेळ सुरू होतो. घोडे कुणाचे जास्त, ताशी शंभरचा वेग आधी कोण गाठतं. या वादात रात्री सरतात आणि हाती काहीच लागत नाही, कारण इतक्या वर्षांच्या गाड्यांत खरा फरक पाडतात ते आधीचे मालक. निगुतीने ठेवलेली गॅलार्डो हेळसांड झालेल्या एफ४३०पेक्षा केव्हाही बरी, आणि उलटंही तितकंच खरं. म्हणून दोन नावांची तुलना लवकर उरका आणि समोर उभ्या असलेल्या दोन गाड्यांकडे वळा. ते कसं करायचं, ते पुढे क्रमाने सांगतो.

१. आधी स्वतःचा रस्ता बघा

या दोन्ही गाड्यांत स्टिअरिंगमागच्या पॅडलने, म्हणजे बोटांनी ओढायच्या छोट्या दांड्यांनी, गिअर बदलायची सोय मिळते. फेरारी तिला एफ१ म्हणते, लॅम्बोर्गिनी ई-गिअर. पायाशी क्लचचं पेडल दिसत नाही म्हणून कुणी या गाड्यांना ऑटोमॅटिक समजतं, आणि तिथेच फसतं. आत साधाच एक क्लच आहे. फक्त तो पायाऐवजी हायड्रॉलिक्स दाबतं. मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या रहदारीत किंवा चढावर रिव्हर्स घेताना तो घासत राहतो, तापतो, झिजतो. एखाद्या मालकाकडे तो वर्षानुवर्षं टिकतो, दुसऱ्याकडे काही महिन्यांत संपतो. गाडी तीच, रस्ता वेगळा.

तुमचा बहुतेक प्रवास सिग्नल ते सिग्नल असेल, तर या दोघींचाही नाद सोडा आणि दुहेरी क्लचच्या (दोन क्लच आळीपाळीने काम करणाऱ्या) गाडीकडे जा. २००९ मध्ये आलेली फेरारी ४५८ किंवा २०१३ची सुधारित आऊडी आर८ या कामाला जास्त योग्य. हे वाक्य कुणाला आवडत नाही, पण पुढचा बराच मनस्ताप यातच वाचतो.

घराचा उतार, गतिरोधक, गाडी ठेवायच्या जागेची रुंदी हेही आधीच मोजून घ्या. गॅलार्डोला पुढचं नाक वर उचलण्याची सोय पर्याय म्हणून मिळत असे; ज्या गाडीत ती आहे तिथे बटण दाबून नाक खरंच उचललं जातं का आणि थोड्या वेळाने आपोआप खाली बसत नाही ना, ते पाहा.

२. दोघींचा स्वभाव

एफ४३० ही २००४ ते २००९ या काळातली. ४.३ लिटरचं व्ही८ इंजिन, ४९० अश्वशक्ती, आणि ही ताकद पूर्ण मिळते ८,५०० आरपीएमला. म्हणजे खाली ती जरा अळमटळम करते आणि वर गेली की टिपेचा सूर लावते. गाडीची चालण्याची पद्धत बदलणारा, स्टिअरिंगवरचा मॅनेटिनो नावाचा छोटा खटका फेरारीच्या रस्त्यावरच्या गाड्यांत इथूनच सुरू झाला. खरेदीदाराच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वेगळीच आहे: आधीच्या ३६० मॉडेलमधला टायमिंग बेल्ट जाऊन इथे चेन आली. बेल्ट ठराविक वर्षांनी, गाडी चालो वा न चालो, बदलावाच लागायचा. ते खर्चाचं ओझं या गाडीवर नाही.

गॅलार्डो २००३ ते २०१३ अशी दहा वर्षं बनली. एकूण १४,०२२ गाड्या. सुरुवातीला ५ लिटरचं व्ही१० आणि ५०० अश्वशक्ती, थोड्याच वर्षांत ५२०. २००८ मध्ये एलपी५६०-४ आली तेव्हा इंजिन ५.२ लिटरचं झालं आणि ताकद ५६०वर गेली. नावातला शेवटचा ४ म्हणजे चारही चाकांना जोर. लॅम्बोर्गिनी १९९८ पासून आऊडीकडे असल्यामुळे आतली काही बटणं आणि यंत्रणा आऊडीच्या गाड्यांसारख्याच आहेत. काहींना ते खटकतं. मला तरी चालणारं बटण सुंदर बटणापेक्षा जास्त आवडतं.

पावसाळी रस्ता, अधूनमधून लांबचा पल्ला, गाडीने जरा सांभाळून घ्यावं अशी अपेक्षा असेल, तर एलपी५६०-४ बघा. वळणावळणाचा मोकळा घाट आणि स्टिअरिंगमधून हाताला कळणारा रस्ता यांचं वेड असेल, तर एफ४३०. माझा कल एफ४३०कडे आहे, पण तो कानांमुळे आहे. हिशेबात तो धरू नका.

मॅन्युअल गिअरचं काय? दोन्हींत सहा गिअरचं मॅन्युअल मिळत असे, लोखंडी जाळीतून ‘खट्‌’ करत सरकणाऱ्या दांड्यासह. अशा गाड्या कमी, म्हणून महाग. त्यामुळे पॅडलच्या गाड्या मॅन्युअल करून विकण्याचा धंदाही चालतो. बदल चांगला झालेला असू शकतो, पण गाडी कारखान्यातूनच मॅन्युअल निघाली होती का, हे चासी नंबरावरून पडताळल्याशिवाय मॅन्युअलचा जादा भाव देऊ नका.

३. फाईल मागा, मगच गाडी बघायला जा

विक्रेत्याकडून सर्व्हिसची सगळी बिलं आधी मागवा आणि एका कागदावर तारीख आणि किलोमीटर एकाखाली एक लिहा. या गाड्यांची सर्व्हिस किलोमीटर कमी झाले तरी दरवर्षी व्हायला हवी. एखाद्या वर्षाची रेघ रिकामी असेल तर कारण विचारा.

कमी चाललेल्या गाडीला भुलू नका. वर्षभर एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचे रबरी सील सुकतात, टायर एका बाजूने चपटे होतात, बॅटरी मान टाकते. दरवर्षी थोडी थोडी चाललेली आणि वेळच्या वेळी तेलपाणी झालेली गाडी मला जास्त भरवशाची वाटते, मग मीटरवरचा आकडा मोठा का असेना.

४. थंड इंजिन

भेट ठरवताना एकच अट घाला: मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोहोचल्यावर बोलणं सुरू होण्याआधी मागचं झाकण उघडायला सांगा आणि इंजिनाजवळ तळहात धरा. एकदा एका विक्रेत्याने ‘सकाळपासून हात लावलेला नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं, आणि झाकण उघडताच इस्त्रीसारखी ऊब अंगावर आली. पुढे सगळं गोड बोलणं झालं, पण मी गाडीचा नंबरही टिपून घेतला नाही.

गाडी थंड का हवी, तर एफ४३०ची सगळ्यात ओळखीची खोड इंजिन थंड असतानाच बोलते. तिचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या, तडकतात. इंजिन सुरू होताच एका बाजूने टिक-टिक-टिक असा आवाज येतो आणि पाचदहा मिनिटांत धातू तापून फुगला, फट मिटली की गप्प होतो. तापलेल्या गाडीत तो ऐकूच येणार नाही. तडकलेल्या मॅनिफोल्डकडे दुर्लक्ष केलं तर आतले तुकडे सुटून पुढचं नुकसान करू शकतात. आधीच बदललेले असतील तर बिल बघा. उलट ती गाडी मी वरच्या नंबरावर ठेवीन.

गॅलार्डो सुरू करताना मागे कुणाला तरी उभं करा. जरासा धूर निघून विरला तर ठीक. निळसर धूर रेंगाळत राहिला तर इंजिन तेल पितंय. एलपी५६०-४मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी साठू शकते. इंजिन संथ चालू असताना थरथरत असेल तर हेही तपासायला सांगा.

५. पंपाचा आवाज आणि क्लचचा आकडा

पॅडलच्या गाडीचं दार उघडलं की मागून ‘घूंऽऽ’ असा बारीक आवाज येतो. क्लच आणि गिअर हलवणारा पंप दाब भरतोय. काही सेकंदांत तो थांबायला हवा. मग गाडी चालू ठेवून, हात मांडीवर ठेवून नुसतं ऐका. गिअर न बदलता तो पंप पुन्हा पुन्हा जागा होत असेल, तर दाब कुठेतरी निसटतोय किंवा दाब साठवणारा अक्युम्युलेटर दमलाय. एफ४३०मध्ये या पंपाचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा खटका, हा मूठभर पैशांचा पार्ट. तो चिकटून बसला तर पंप अखंड चालत राहतो आणि जळतो, आणि पंप अजिबात मूठभर पैशांचा नसतो. रिले कधी बदलला, एवढं जरूर विचारा. ज्या मालकाला याचं उत्तर तोंडपाठ आहे, त्याने गाडी मनापासून सांभाळली असं खुशाल समजा.

क्लच किती झिजला हे संगणक लावून वाचता येतं. पण तो आकडा आंधळेपणाने घेऊ नका. नवा क्लच बसवल्यावर त्याची सुरुवातीची स्थिती नीट नोंदवली नसेल, तर टक्केवारी खोटी दिसते. आकडा, क्लच बदलल्याचं बिल आणि प्रत्यक्ष चालवताना येणारा अनुभव या तिन्हींचा मेळ बसायला हवा. हलक्या चढावर गाडी उचलताना झटके देते का, करपट वास येतो का, ते पाहा. मात्र विक्रेत्याच्या गाडीचा क्लच तपासण्याच्या नावाखाली जाळू नका.

६. लिफ्टवर चढवा

हे काम स्वतः करू नका. या गाड्यांवर नेहमी हात असलेला, विक्रेत्याशी देणंघेणं नसलेला मेकॅनिक शोधा आणि त्याचे पैसे तुम्ही द्या. खालचं आवरण काढल्याशिवाय केलेली तपासणी म्हणजे नुसतं दर्शन. त्याच्याकडून सिलिंडरची लीक-डाऊन चाचणी (हवेचा दाब भरून तो कुठून निसटतो का, हे बघणारी) करून घ्या, आणि या गोष्टी आवर्जून बघायला सांगा:

- एफ४३०चे सस्पेन्शनचे बॉल जॉइंट. खड्ड्यावरून जाताना खडखडाट येतो तो बहुधा यांचा.
- कार्बन-सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्कची झीज. यात जाडीपेक्षा वजन बोलतं. किमान वजन डिस्कवरच कोरलेलं असतं. हे ब्रेक बदलायची वेळ आली तर सौद्याचं गणितच फिरतं.
- गॅलार्डोचे चारही टायर. पुढेमागे वेगवेगळ्या झिजेचे किंवा भलत्याच बनावटीचे टायर घातले की चारही चाकांना जोर पुरवणाऱ्या व्हिस्कस कपलिंगवर ताण येतो. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत पण रबर म्हातारं, असं या गाड्यांत फार दिसतं.
- रंगाखाली फुगलेले बुडबुडे. दोघींचं अंग ॲल्युमिनियमचं. दुसरा धातू जिथे टेकतो तिथे ते कुरतडलं जातं. रंगाची जाडी यंत्राने मोजली की गाडी कुठे ठोकलीय आणि कुठे लांबी (पुट्टी) भरलीय, तेही कळतं.

आत बसल्यावर एफ४३०ची काच खाली करायचं बटण अंगठ्याने दाबून धरा आणि अंगठा उचलून पाहा. काळा, गुळासारखा चिकटा बोटाला लागला तर दचकू नका. त्या काळच्या फेरारींच्या मऊ प्लॅस्टिकवरचा थर वर्षांनी असाच वितळतो. तो साफ करून नव्याने रंगवता येतो. घासाघिशीत मात्र हा मुद्दा जरूर वापरा.

७. निवाडा

दोन्ही गाड्यांचे तपासणी-अहवाल शेजारी ठेवा आणि प्रत्येकीच्या खाली पहिल्या दोन वर्षांत करावीच लागतील अशी कामं लिहा: क्लच, टायर, ब्रेक, मॅनिफोल्ड, दोन वार्षिक सर्व्हिस. त्यांची बेरीज मागितलेल्या किमतीत मिळवा. स्वस्त वाटणारी गाडी इथे बरेचदा महाग ठरते. खरेदीनंतर या बेरजेइतकी रक्कम हाताशी उरत नसेल, तर अजून थांबा. इन्शुरन्सही ठरलेल्या किमतीचा मिळतो का, ते बयाणा देण्याआधीच विचारा.

बेरीज जवळपास सारखी आली, तर ज्या गाडीचा जाणकार मेकॅनिक तुमच्या आवाक्यात आहे ती घ्या. तीही बरोबरी झाली, तरच कानांचं ऐका.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात सगळी तेलं, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदला, म्हणजे तुमच्या नोंदींची सुरुवात पक्की होईल. उभी असताना बॅटरीला देखभालीचा चार्जर लावून ठेवा. आणि दर रविवारी जागेवरच सुरू करून पाच मिनिटांत बंद करायची सवय लावू नका. तेवढ्यात तेल तापत नाही, एक्झॉस्टमध्ये पाणी मात्र साठतं. बाहेर काढायची तर निदान अर्धा तास चालवा, आणि तेल तापेपर्यंत चार हजार आरपीएमच्या वर नेऊ नका.